सोळा बारसाठी आठ तास : मेरिलिन मन्रोचं ते 'हॅपी बर्थडे'

काळी दोन
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहून टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या. मी २२ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय, त्याआधी पेटी. लग्नं, गणपती आणि नेत्यांचे वाढदिवस हे आमचे नेहमीचे कार्यक्रम. वाढदिवसाला केक कापायच्या वेळी निवेदक म्हणतो "आता साहेबांसाठी", आणि ते गाणं वाजवायचं. किती वेळा वाजवलं असेल देव जाणे.

तर हॉलिवूडची नटी मेरिलिन मन्रो हिने अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासाठी म्हटलेलं हॅपी बर्थडे सगळ्यांनी पाहिलंय. १९ मे १९६२, शनिवार, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, डेमोक्रॅटिक पक्षासाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम, १५ हजारांवर लोक. केनेडींचा खरा वाढदिवस २९ मेला, म्हणजे १० दिवस आधीच साजरा केलेला, ४५ पूर्ण होणार होते. त्यावर बोलताना लोक दोनच गोष्टी बोलतात, तिचा ड्रेस आणि त्या दोघांचं काय होतं ते. मला तिसऱ्याच गोष्टीवर बोलायचंय, ते म्हणजे गाणं. आणि तिच्यामागे पियानोवर कोण बसलं होतं ते.

पियानोवर हँक जोन्स होते. जॅझवाल्यांना हे नाव सांगायला नको, अमेरिकेतल्या फार मोठ्या पियानिस्टपैकी एक. पुढे म्हातारपणी एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी सांगितलं की सगळं मिळून १६ बारचं (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) काम होतं, ८ बार हॅपी बर्थडेचे आणि ८ बार पुढच्या गाण्याचे, आणि त्यासाठी रिहर्सल झाली आठ तास. म्हणजे एका बारला अर्धा तास. ती खूप घाबरलेली होती असंही ते म्हणाले.

हे वाचलं तेव्हा मी थबकलोच. जे गाणं तीन वर्षांचं पोर म्हणतं त्याला आठ तास? मग हेडफोन लावून बसलो आणि पाच-सहा वेळा ऐकलं, नुसतं ऐकलं, स्क्रीन उलटी ठेवून. तुम्हीही करून बघा. ती तालात म्हणतच नाही. हे गाणं तीन मात्रांचं, सगळे ठोकून ठोकून म्हणतात. तिने ठेकाच सोडून दिलाय, एक शब्द ठेवते, थांबते, श्वास घेते आणि तो श्वाससुद्धा ऐकू येतो, मग पुढचा शब्द. बिनतालाच्या गाण्याला साथ करणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहीत. गायक थांबला की साथीदाराचा हात आपोआप पुढे जातो, रिकामी जागा भरावीशी वाटते. जोन्स काही म्हणजे काही भरत नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः गाणाऱ्यांनी लिहा.

चहाबाज
वाचतोय. स्क्रीन उलटी ठेवून ऐकलं आत्ताच, अंगावर काटा आला खरंच.

टाकेदोरे
दादा, तुम्ही ड्रेसवर बोलू नका म्हणालात पण मी शिवणकाम करते, ब्लाउज आणि डिझायनर ड्रेस शिवते, मला बोलू द्या, कारण तोसुद्धा कामच आहे ना कुणाचं तरी. ड्रेस जाँ लुई या डिझायनरचा, आणि त्याचं स्केच काढलं होतं बॉब मॅकी नावाच्या अगदी तरुण मुलाने, जो पुढे स्वतःच मोठा डिझायनर झाला. कापड अंगाच्या रंगाचं, जाळीसारखं तलम, आणि त्यावर सुमारे २५०० खडे. असल्या कापडाला खडे लावायचे म्हणजे प्रत्येक खड्याचं वजन कापडावर येतं, टाका जरा ओढला की कापड गोळा होतं आणि सैल सोडला की खडा लोंबतो. मी एकदा एका नवरीच्या नेटच्या ओढणीला ४०० खडे लावले होते, चार रात्री गेल्या, बोटांना सुई टोचून टोचून भोकं पडली. २५०० म्हणजे विचार करा.

आणि अंगाला इतका घट्ट की घातल्यावर अंगावरच शिवून बसवला असं सांगतात. म्हणून बघा ती स्टेजवर येते तेव्हा छोटी छोटी पावलं टाकत जवळजवळ धावत येते, लोकांना ते लाडिक वाटतं, पण त्या ड्रेसमध्ये मोठं पाऊल टाकताच येणार नाही. आता गाणाऱ्यांनी मला सांगा, इतक्या घट्ट कपड्यात पोटातून श्वास घेता येतो का?

काळी दोन
@टाकेदोरे ताई, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता! नाही घेता येत. पोट बाहेर यायला जागाच नसेल तर श्वास वर छातीतच अडकणार, मग छोटे छोटे श्वास घ्यावे लागणार, आणि तिच्या गाण्यात नेमकं तेच ऐकू येतं. तो श्वासाळ आवाज तिच्या सिनेमांतही आहे म्हणा, पण इथे फारच जास्त आहे. तुम्ही बोललात ते बरं झालं, मी माझे शब्द मागे घेतो, ड्रेसवर बोलायलाच हवं.

मनकवडी
ती लहानपणी अडखळत बोलायची हे माहितीये का कुणाला? ती स्वतः सांगायची. आई आजारी, वडील नाहीत, लहानपण दुसऱ्यांच्या घरी आणि काही काळ अनाथाश्रमात. मी शाळेत स्पीचचं काम करते म्हणून सांगते, अडखळणाऱ्या मुलांना आम्ही शब्दाच्या आधी हलका श्वास सोडायला शिकवतो, आवाज एकदम आदळायचा नाही, हवेवर अलगद ठेवायचा. तिचं बोलणं ऐकलं की मला दर वेळी आमच्या मुलांची आठवण येते. लोक त्याला मादक म्हणतात, मला तो आवाज जपून पाऊल टाकणाऱ्या माणसाचा वाटतो. आणि अशा मुलीने १५ हजार लोकांसमोर, समोर राष्ट्राध्यक्ष बसलेले असताना, एकटीने उभं राहायचं!

हडसनकाठ
+१ मनकवडी.

मी जर्सीत राहतो, नोकरी मॅनहॅटनमध्ये. एक गोष्ट सांगायची होती. आपल्याकडून कोणी आलं आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन बघायचं म्हटलं की पेन स्टेशनवरचं ते गोल गार्डन दाखवतात आणि लोक म्हणतात अच्छा इथेच मन्रो गायली. इथे नाही. आत्ताचं गार्डन १९६८ ला उघडलं. ती गायली ते जुनं गार्डन वर होतं, आठव्या अव्हेन्यूवर ४९ व्या आणि ५० व्या रस्त्याच्या मधे, ते पाडलं, कित्येक वर्षं तिथे पार्किंग होतं, आता वर्ल्डवाइड प्लाझा नावाचा टॉवर आहे. माझ्या ऑफिसपासून चालत १२ मिनिटं. इतक्या वर्षांत तिथून शंभरदा गेलो असेन पण कधी थांबलो नाही.

जुना रेडिओ
चांगला विषय काढलात. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, माझ्या मनात यावरून लगेच दुसरं गाणं येतं. त्यानंतर आठच महिन्यांनी, २७ जानेवारी १९६३, दिल्ली, समोर पंडित नेहरू, आणि लताबाईंनी गायलेलं 'ऐ मेरे वतन के लोगो'. चीनच्या युद्धाची जखम ओली होती. शब्द कवी प्रदीपांचे, चाल आपल्या सी. रामचंद्रांची, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा माणूस. पंडितजींच्या डोळ्यांत पाणी आलं हे आमच्या घरी वडील दर २६ जानेवारीला सांगायचे आणि सांगताना स्वतः रडायचे.

रिहर्सलचं म्हणाल तर तिथे उलट झालं. लताबाईंनीच पुढे मुलाखतींत सांगितलंय की अण्णा, म्हणजे सी. रामचंद्र, आधीच दिल्लीला गेले, एकत्र तालीम झालीच नाही, टेप दिली होती ती ऐकून गाणं बसवलं. तरी असं गाणं झालं. त्यामुळे आठ तासांचं मला फारसं कौतुक वाटत नाही, राग मानू नका.

काळी दोन
@जुना रेडिओ काका, राग कसला. लताबाईंची तुलना कुणाशीच होणार नाही, तो रोज पाच-पाच गाणी रेकॉर्ड करणारा गळा होता, त्यांना टेप पुरते. मन्रो गायिका नव्हती, नटी होती. सिनेमात गायली, १९५४ ला कोरियात जाऊन सैनिकांसमोर चार दिवसांत दहा कार्यक्रम केले, पण तिची रोजीरोटी कॅमेऱ्यापुढे होती आणि कॅमेऱ्यापुढे चुकलं तर पुन्हा घेता येतं. तिला आपण काय करू शकतो आणि काय नाही हे नीट माहीत होतं, म्हणून आठ तास. मला त्या आठ तासांबद्दल आदर वाटतो तो एवढ्याचसाठी.

शिवाय तुम्ही सांगितलेलं गाणं नवीन होतं, लोक पहिल्यांदा ऐकत होते, शब्दच काळीज चिरणारे होते. इथे गाणं असं की त्यात ऐकण्यासारखं काहीच उरलेलं नाही. चाल १८९३ ची, हिल आडनावाच्या दोन बहिणींची, मूळ गाणं शाळेतल्या मुलांना सकाळी गुड मॉर्निंग म्हणायचं. असं घासून गुळगुळीत झालेलं गाणं घेऊन १५ हजार लोकांना गप्प करायचं म्हणजे वेगळंच काम आहे.

आणि दिसतं तितकं सोपं नाही हो ते. खालच्या पंचमावर सुरू होतं, पहिल्या दोन ओळी आरामात जातात. तिसऱ्या ओळीत, नाव घ्यायच्या जरा आधी, खालच्या पंचमावरून थेट मधल्या पंचमावर उडी आहे, पूर्ण एक सप्तक. वाढदिवसाला सगळे तिथेच फाटतात कारण सुरुवात कुठून करायची हे कुणी बघतच नाही, जिथे तोंड उघडेल तिथून सुरू करतात. मन्रो त्या उडीच्या आधी थांबते. त्या ओळीत तिला 'मिस्टर प्रेसिडेंट' बसवायचं आहे, आणि ती आवाज इतका हळू वर नेते की उडी कळतच नाही.

ही उडी मला का लागून राहिलीय ते सांगतो. १२-१३ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका नेत्याचा वाढदिवस होता, नाव-गाव सांगत नाही. कार्यक्रम ७ चा, साहेब आले साडेदहाला. आमच्याबरोबर एक नवी मुलगी होती गायला, १९-२० वर्षांची, आवाज गोड, पट्टी पांढरी चार. साहेब स्टेजवर आले आणि कुणीतरी तिच्या हातात माइक दिला, म्हण म्हण हॅपी बर्थडे म्हण. मला सूर द्यायलाही वेळ मिळाला नाही, फटाके चालू, बेंजो चालू, मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बंद. तिने सुरू केलं तेच वरून. मी तिचा सूर पकडला आणि मला कळलं की तिसऱ्या ओळीला ही फाटणार, पण थांबवणार कसं. आणि फाटला आवाज. हजारभर माणसं हसली, साहेबही हसले. ती माइक ठेवून मागे जनरेटरपाशी जाऊन बसली, परतीच्या गाडीत एक शब्द बोलली नाही, नंतर चार महिने स्टेजवर आली नाही. मला आजही वाटतं की मी तिला सुरुवातीचा सूर द्यायला हवा होता, माइक तिच्या हातात गेल्याबरोबर जोरात एक पंचम दाबून धरला असता तरी पुरे होतं.

म्हणून आठ तास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी येते.

टाकेदोरे
वाचून गलबलून आलं. ती मुलगी आता गाते का हो?

काळी दोन
गाते. आता तिचे स्वतःचे क्लास आहेत, ३० मुलं येतात. कार्यक्रमाला बोलावलं तर आधी साउंडचेक कधी ते विचारते, मगच हो म्हणते.

ठोकळा
दुसरं गाणं कोणतं होतं? मला शब्द कळले नाहीत, स्टील-स्टील असं काहीतरी ऐकू आलं.

काळी दोन
@ठोकळा बरोबर ऐकलंत. हॅपी बर्थडे झाल्या झाल्या ती विनोदी नट बॉब होपच्या एका प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर नवे शब्द म्हणते, ते शब्द संगीतकार रिचर्ड अॅडलरने खास त्या रात्रीसाठी लिहिले होते. अर्थ असा की अध्यक्षमहाराज, तुम्ही जे जे केलंत, ज्या लढाया जिंकल्यात, यू. एस. स्टीलला जसं हाताळलंत आणि आमचे टनभर प्रश्न सोडवलेत, त्यासाठी आभार.

स्टीलची भानगड महिनाभरापूर्वीचीच होती. १० एप्रिल १९६२ ला यू. एस. स्टील कंपनीने भाव टनाला ६ डॉलरने वाढवला, आणि तोही कामगार युनियनने सरकारच्या सांगण्यावरून पगारवाढीत माघार घेतल्यावर लगेच. केनेडी भडकले, दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषदेत कंपन्यांना धुतलं, आणि १३ तारखेला भाव मागे घेतला गेला. म्हणून गाण्यात टन. स्टील टनावर विकतात आणि प्रश्नही टनावर! सभागृहातल्या लोकांना हे लगेच कळलं, आज आपल्याला कळत नाही म्हणून तो भाग सगळे पुढे ढकलून बघतात. थोडक्यात, ती राजकीय सभा होती आणि हे राजकीय गाणं होतं. मग तिने सगळ्यांना आपल्याबरोबर म्हणायला सांगितलं, उड्या मारत हात हलवले, आणि भला मोठा केक आला.

त्यानंतर केनेडी स्टेजवर येऊन म्हणाले की इतक्या गोड आणि निर्मळ पद्धतीने वाढदिवसाचं गाणं म्हटलं गेल्यावर आता मी राजकारणातून निवृत्त व्हायला हरकत नाही.

चहाबाज
पण खरं सांगा, काहीतरी होतंच ना दोघांचं? बायको पण आली नव्हती म्हणे कार्यक्रमाला.

मनकवडी
@चहाबाज जॅकी केनेडी त्या दिवशी मुलांना घेऊन व्हर्जिनियात घोड्यांच्या शोला गेल्या होत्या. बाकी ज्याला जे लिहायचं ते लिहून झालंय साठ वर्षांत.

मी वेगळं सांगते. कार्यक्रमानंतर आर्थर क्रिम यांच्या घरी पार्टी होती, युनायटेड आर्टिस्ट्सचे प्रमुख. केनेडी भावांबरोबरचा तिचा तो एकुलता एक फोटो तिथला, व्हाइट हाउसचे फोटोग्राफर सेसिल स्टॉटन यांनी काढलेला. आणि ती तिथे कुणाला सोबत घेऊन गेली होती? सासऱ्यांना! तिचा आधीचा नवरा, नाटककार आर्थर मिलर, त्याचे वडील, इझिडोर मिलर. मिलरशी घटस्फोट होऊन सव्वा वर्ष झालं होतं. सासूबाई १९६१ च्या मार्चमध्ये गेल्या तेव्हा ही घटस्फोटानंतरही अंत्यविधीला गेली होती. म्हातारबुवा एकटे पडलेले, त्यांना ही डॅड म्हणायची. त्यांना हाताशी धरून नेलं आणि राष्ट्राध्यक्षांना सांगितलं, हे माझे पूर्वीचे सासरे. परदेशातून लहानपणी आलेला माणूस, त्याला थेट राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवायला मिळाला.

आठ तासांची रिहर्सल, अंगावर शिवलेला ड्रेस, आणि त्या सगळ्या गडबडीत म्हातारा माणूस एकटा राहू नये याची काळजी. मला तरी त्या रात्रीची हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

टाकेदोरे
अगं मनकवडी, इझिडोर मिलर यांचा बायकांचे कोट बनवायचा कारखाना होता! १९२९ च्या मंदीत सगळं बुडालं. मी आर्थर मिलरबद्दल वाचलं होतं तेव्हाचं लक्षात आहे. म्हणजे त्या हॉलमध्ये त्या ड्रेसचं शिवण ज्याला खरोखर कळलं असेल असा एक माणूस नक्की होता. शिवणारा माणूस बाईकडे बघायच्या आधी शिवणीकडे बघतो, मी पण लग्नात गेले की तेच करते.

तो ड्रेस २०१६ ला लिलावात ४८ लाख डॉलरला गेला, 'रिपलीज बिलीव्ह इट ऑर नॉट' या संग्रहालयवाल्यांनी घेतला. २०२२ ला किम कार्डाशियन तो घालून न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला गेली, काही मिनिटंच, पायऱ्या चढून झाल्यावर प्रतिकृती घातली. पण जुनी वस्त्रं जपणारे लोक फार चिडले होते आणि मीही चिडले होते. साठ वर्षांचं तलम कापड, त्यावर खड्यांचं वजन, एक टाका तुटला तर तो टाका परत तोच होत नाही. आजीची पैठणी आपण कपाटात मलमलमध्ये गुंडाळून ठेवतो ती काय उगाच.

जुना रेडिओ
मी परत येऊन सगळं वाचलं. काळी दोन, तुमच्या त्या मुलीची हकिगत वाचून माझं मत बदललं. आठ तासांना माझाही नमस्कार.

त्या रात्री आणखी कोण कोण होतं? एकटीच होती का?

काळी दोन
नाही काका, यादी बघाल तर थक्क व्हाल. एला फिट्झजेराल्ड, मारिया कॅलास, हॅरी बेलाफॉन्टे, पेगी ली, जॅक बेनी. म्हणजे ऑपेरातली सगळ्यात मोठी बाई आणि जॅझमधली सगळ्यात मोठी बाई त्याच स्टेजवर, आणि त्यांच्या रांगेत हिने हॅपी बर्थडे म्हणायचं. घाबरणार नाही तर काय होईल. त्यात एला म्हणजे तिचं दैवत, तिच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून ती गाणं शिकलेली. आणि हँक जोन्स म्हणजे पाच वर्षं एलाचा पियानो वाजवलेला माणूस, १९४८ ते ५३. म्हणजे जे हात एलामागे वाजले तेच हात आज हिच्यामागे. हे तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

हडसनकाठ
एला काळी म्हणून तिला मोकॅम्बो क्लबमध्ये गाऊ देत नव्हते आणि मन्रोने पुढच्या टेबलावर बसायचं कबूल करून तिला तिथे गायला मिळवून दिलं ना?

मनकवडी
@हडसनकाठ अर्धं बरोबर. मन्रोने १९५५ ला तिच्यासाठी शब्द टाकला हे खरं, एला स्वतः म्हणायची की मी तिची ऋणी आहे. पण त्या क्लबमध्ये काळे कलाकार आधीही गायले होते, अर्था किट गायली होती. मालकाला एला पुरेशी ग्लॅमरस वाटत नव्हती, जाड आणि साधी बाई. मला तर हे कारण जास्त बोचतं, कारण ग्लॅमरस असण्याचं ओझं काय असतं ते मन्रोइतकं कुणाला ठाऊक असणार.

काळी दोन
मनकवडी, अगदी.

एक राहिलं होतं, उशिराचं. ती सेटवर उशिरा यायची हे जगजाहीर होतं, त्यावरून त्या रात्री मुद्दाम एक गंमत ठरवली होती. केनेडींचे मेहुणे, नट पीटर लॉफर्ड, संध्याकाळभर मधेमधे तिचं नाव पुकारायचे, प्रकाशझोत पडायचा आणि कोणी यायचंच नाही. शेवटी ती आली तेव्हा लॉफर्ड म्हणाले, 'द लेट मेरिलिन मन्रो'. इंग्रजीत त्या एका शब्दाचे दोन अर्थ, उशिरा येणारी आणि कैलासवासी. सगळे हसले. त्यानंतर बरोबर ११ आठवड्यांनी, ४ ऑगस्टला ती गेली, वय ३६. मधे ८ जूनला स्टुडिओने तिला चालू सिनेमातून काढून टाकलं होतं, आजारपणातल्या गैरहजेऱ्या होत्याच, त्यात स्टुडिओचा विरोध असताना शूटिंग सोडून न्यूयॉर्कला आली तेही त्यांना झोंबलं होतं. मला आता ते निवेदन ऐकवत नाही. मी व्हिडिओ तिच्या अंगावरची पांढरी फर उतरते तिथून सुरू करतो. ती माइकला बोटाने टिचकी मारते, डोळ्यांवर हात धरून लाइटच्या पलीकडे बघते. आम्हीही असंच बघतो, समोर कोण बसलंय ते स्टेजवरून दिसतच नाही कधी.

हडसनकाठ
आज दुपारी गेलो होतो. आठवा अव्हेन्यू, ५० वा रस्ता. टॉवरच्या मागे मोकळी जागा आहे, कारंजं आहे, लोक डबे घेऊन जेवत बसतात. मीही बसलो. बसल्या बसल्या अंदाज घेत होतो की स्टेज कुठल्या बाजूला असेल, पण काहीच खूण नाही. मग हेडफोन न लावता फोनवरच लावलं, आवाज पूर्ण मोठा करून.

काळी दोन
आलं ऐकू?

हडसनकाठ
पहिल्या दोन ओळी ट्रॅफिकमध्ये गेल्या. तिसरी आली.